दोघांसाठी बत्तीस

९ डिसेंबर, लोहारा
आले एकदाची. नागपूर सोडताना जीव तुटेल असं सगळ्यांनी बजावलं होतं. काही तुटलं नाही. नरहरनं, माझ्या धाकट्या भावानं, मला पूर्वेची खोली दिली आहे. खिडकीतून तुरीचं शेत दिसतं, पिवळंधम्मक. बसंतीबाईचा स्वयंपाक बरा असतो, फक्त तेलाचा हात सैल आहे. माझ्या देखरेखीखाली सुधारेल. शाळेत नन्सनी लावलेली रोज लिहायची सवय इथेही सुटायची नाही.

नरहरच्या मुलाची, पियूषची खोली तशीच आहे. नरहर त्याचा कम्प्युटर रोज पुसतो. पोरगा आर्णीच्या रस्त्यावर अपघातात गेला, त्याला परवा वर्ष होईल. त्याची आई आधीच गेलेली. या घरात कोणीतरी मोठ्यानं बोलायला हवं, आणि ते काम मला जमतं.

११ डिसेंबर
वर्षश्राद्ध. गच्चीवर पान ठेवलं, पण तासभर कावळा शिवेना. भटजी मोबाइल बघत बसले होते. माझ्या ऑफिसात असा माणूस मी एक दिवस ठेवला नसता. बसंतीबाई म्हणाली, "त्याचं काही राह्यलं असन, बाई. बोला न काही."

नरहर हात जोडून पुटपुटला, की तुझ्या कम्प्युटरला मेमरी टाकून देतो. पोरगा वर्षभर मागत होता आणि यानं परीक्षेचं कारण काढून टोलवलं होतं. कावळा कठड्यावर आला, पण पुढे येईना. दीड वाजून गेला होता, माणसं उपाशी. मी वैतागून म्हटलं, "आणि बाबा बसतील तुझ्याबरोबर खेळायला. झालं समाधान?"

कावळ्यानं सरळ वडा उचलला.

१३ डिसेंबर
मशीन घेऊन यवतमाळला राजकुमारच्या दुकानात गेलो. त्यानं आधी मेमरीची नव्या जातीची महागडी पट्टी दाखवली. आमच्या मशीनला ती बसते का, असं विचारल्यावर गुपचूप खाली ठेवली. मग सगळं नीट समजावायला लावलं. आता आठ जीबी आहे. एकट्याला सोळा पुष्कळ. पडदा दुभागून दोघांनी खेळायचं तर बत्तीस, तेही सोळाच्या सारख्या दोन पट्ट्या.

मी सोळावर थांबणार होते. तेवढ्यात राजकुमारनं मशीन ओळखलं. "पियूष तीनदा आलता, मॅडम. दोघांचंच विचारे. बाबाले शिकवतो म्हने."

नरहर काउंटरची काच धरून उभा राहिला. मी बत्तीस घेतलं.

१४ डिसेंबर
पियूषचा खेळ असा: एकाच दोरानं बांधलेली दोन माणसं डोंगर चढतात. एकानं दोर धरायचा, दुसऱ्यानं चढायचं. नरहरनं डाव्या माणसाचं रिमोट घेतलं. त्याचा माणूस दहादा पडला आणि नरहर हसला. वर्षात पहिल्यांदा, बसंतीबाई सांगते.

१६ डिसेंबर
आज उजवा माणूस हलला. दुसरं रिमोट टेबलावर होतं, कोणी हात लावलेला नव्हता. मी त्याची वायर उपटली.

तो चढतच राहिला. नरहर चुकला की थांबून वाट बघतो. पियूष असाच थांबायचा, बाजारात, मी मागे पडले की.

१८ डिसेंबर
नरहर जेवत नाही. तळहात सोलवटलेत, दोरानं सोलावेत तसे. डॉक्टर नाडी धरून बराच वेळ बसले, दवाखान्यात हलवा म्हणाले. नरहर ऐकत नाही. म्हणतो, एकदा नाही म्हटलं होतं मी पियूषला, आता त्याच्या आधी उठणार नाही.

शब्द मी दिला होता. माझ्या जिभेनं.

१९ डिसेंबर
मशीन बंद करून एक पट्टी काढली. राजकुमारनं दाखवलं होतं तशी. नरहर रडला, म्हणाला, ताई, तो अर्ध्यात अडकेल. चालू केलं — काही अडकलं नाही. दुसरीही काढली. पडदा उजळच. दोघं चढताहेत.

प्लग काढला. तरीही.

२० डिसेंबर, दुपार
शिखर जवळ आलंय. जसजसं येतं तसतसा नरहरचा श्वास — मोजते आहे. दवाखान्याची गाडी बोलावली आहे. वही मांडीवर.

३.१०. रिमोट त्याच्या हातून गळालं. मी उचललं. डावा माणूस लोंबकळतोय, सगळा भार वरच्या माणसावर. लाल बटणानं दोर तुटतो. तुटला तर नरहर उठेल, मला कळतंय. आणि पोरगा एकटा राहील, तिथे —

दाबवत नाही. मी, जिला कधी कोणाला नाही म्हणायला वेळ लागला नाही.

३.१४. पियूषनं खाली वळून बघितलं. बापाकडे नाही. माझ्याकडे.

त्याचा हात कमरेच्या गाठीकडे गेला. स्वतःच सोडवतोय. बापासाठी. मी म्हटलं, नको रे राजा, थांब, आत्या काहीतरी —

नरहरनं डोळे न उघडता हात पुढे केला. "सोडू नकोस, पियूष. आलोच मी."

गाठ अर्धी सुटली आहे. नरहरची बोटं माझ्या हातातल्या रिमोटवर — इतकी गार — आणि तो मलाही ओढतोय, वर, मी त्याला धरून —