बाहीचं बटण आणि दहा बोटं

तीर्थरूप आत्यास,

दहाही बोटं जोडून तुझ्या धाकट्या भाच्याचा नमस्कार. (दहा आहेत, मोजूनच लिहितोय. का, ते पुढे कळेल.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला गेला, की त्यांनी अजून औषधाशी अबोलाच धरलाय?

पत्राचं कारण म्हणजे तू पाठवलेला निळा शर्ट. माझी चाळिशी उलटली तरी तू मला शर्ट वाढत्या अंगाचाच शिवतेस. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येतात, आणि आत हात आहेत ना, असं कारखान्यात लोक विचारतात. बटण तर असं टाकतेस, की त्याला बैल बांधायचा असावा. यावर मी इतकी वर्षं तोंड वाकडं केलं. आत्या, ते सगळं मी आज परत घेतो.

मी खोक्यांचा पुठ्ठा कापायच्या मशीनवर असतो, हे तुला ठाऊक आहेच. त्याला डावीकडे एक, उजवीकडे एक अशी दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. ज्यानं हे काढलं तो शहाणा, कारण दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली घालायला माणसाला तिसरा हात नाही. पण आम्ही दीडशहाणे. डावं बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवायचं, म्हणजे एक हात मोकळा, काम झटपट, शिवाय चहाचा कप धरता येतो. (युक्ती माझीच. दुसऱ्या पाळीला याच मशीनवर माझा जोडीदार असतो, त्यालाही मीच शिकवली आणि वर गुरू म्हणून मिरवलो.)

गेल्या मंगळवारी पुठ्ठा तिरका बसला, तो सरळ करायला मी डावा हात आत घातला आणि नेमकं उजवं कोपर बटणावर टेकलं. पातं आलं. पण हात तिथवर पोचलाच नव्हता, कारण तुझ्या लांब बाहीचं बटण कडेच्या स्क्रूत अडकून बसलं होतं. दुसऱ्या कुणाचा दोरा असता तर तुटला असता. मी होतो तिथेच खाली बसलो आणि बोटं मोजली.

आता वहीचं सांगतो. कुणाला लागलं नाही, पण लागता लागता राहिलं, तर ते लिहायला नव्या सेफ्टीच्या मॅडमनी दाराशी एक वही टांगली आहे. लिहिणाऱ्याला कुणी बोलणार नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं, म्हणून तर कुणाचाच विश्वास बसला नाही. दोन महिन्यांत एकच नोंद होती, तीही माझी: ‘फोरमनच्या गाण्यामुळे कानांना धोका.’ खरं लिहायचं तर पट्टीचं लिहावं लागणार, म्हणजे आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा. गुपचूप घरी जायचं ठरवून मी डबा उचलला. पण दोन वाजता जोडीदार येणार, तेच बटण, तीच पट्टी, आणि त्याचे शर्ट मापात शिवलेले. मग लिहिलं. पट्टी, कोपर, चहा, सगळं.

मॅडमनी उभ्याउभ्या वाचलं, मशीन बंद केलं आणि पट्टी स्वतः ओढून काढली. नोकरी गेलीच, असं धरून मी उभा. तर त्या म्हणाल्या, “लिहिलंत, फार बरं केलंत. आणखी किती मशीनना अशा पट्ट्या आहेत?” मी काही फितूर होणार नव्हतो, पण बाकीचे आपापल्या बटणावरची पट्टी इतक्या घाईनं नखांनी खरवडत होते, की सांगायची वेळच आली नाही. कुणालाही शिक्षा झाली नाही. उलट दिवस संपायच्या आत वहीत चौदा नोंदी झाल्या, आणि बटण दाबून ठेवलं तर मशीन चालूच होऊ नये, अशी सोय आता झाली आहे. फार हलकं वाटलं गं. मॅडमचे उपकार आहेत, आणि तुझे त्यांच्याआधी.

(फक्त पंधरावी नोंद मॅडमनी स्वतः केली: ‘लांब, सैल बाही मशीनमध्ये अडकण्याचा धोका.’ जिनं वाचवलं तिच्यावरच तक्रार. मी भांडलो. त्या म्हणाल्या, आज स्क्रूत अडकली, उद्या पात्यात अडकेल. म्हणणं बरोबर आहे, तरी मला लागलं.)

आतोबांना औषध घ्यायला लाव. गुडघ्यांना जप.

तुझा भाचा

ता. क. – यापुढे अर्ध्या बाहीचे शिवशील का? आणि त्यातला पहिला माझ्या जोडीदारासाठी. छाती अडतीस, रंग कोणताही.

आणखी ता. क. – हे वाचून तू शेजारणींना माझं कौतुक सांगशील, ते नको सांगूस. मंगळवारचं झालं ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा महिन्यापूर्वी पातं माझ्या नखाला घासून गेलं होतं, तेव्हा मी कुणाला एक अक्षर बोललो नाही. त्यानंतर सव्वीस दिवस जोडीदार त्याच पट्टीवर काम करत होता. रोज दोन्ही हात घेऊन घरी गेला, यात माझं काही श्रेय नाही. वहीतलं वाचून त्यानं सगळ्यांदेखत मला मिठी मारली, आभार मानले, आणि मी ते घेतले. खरं त्याला अजून सांगितलेलं नाही. नुसत्या तोंडानं सांगायला धीर होत नाही. शर्ट हातात देईन आणि सांगेन. तेवढा लवकर शीव.