उलट्या पात्याची मांती

मर्गिलान, रविवार

आदरणीय अदोलत आपांना धाकट्या भावाचा, नोसिरचा लवून सलाम.

आपा, गुडघे कसे आहेत? मेहुण्यांचा खोकला, अंगणातला द्राक्षवेल आणि तुमची ती भांडखोर मांजर, सगळ्यांची खुशाली कळवा. इकडे सगळे सुखरूप. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. (हे उगीच लिहीत नाही, पुढे कळेल.)

आमच्या लेकीची, नफीसाची सोयरीक ठरत आलीय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलाची आई झुमरादखान म्हणजे कडक बाई. मागे एका घरी कांदा जाड चिरलेला पाहून चहाही न घेता उठल्या होत्या. आणि मी (तुम्ही लहानपणापासून सांगताय, नोसिर, तोंड आवर) त्यांच्यापुढे छाती फुगवून बोलून गेलो, की आमच्याकडे मांतीत भरून वाफवायचं मटण सुरीनेच चिरतात, आणि ते मी स्वतः चिरतो. "मग शुक्रवारी खायलाच येते," त्या म्हणाल्या. नफीसाला तो मुलगा मनापासून आवडलाय. पोरीने माझ्याकडे असं पाहिलं, की त्याच रात्री मी सुरीला धार लावून ठेवली.

शुक्रवारी बायको खरबुजं आणायला बाजारात गेली, नफीसा आत मांतीच्या पाऱ्या लाटत होती. चार किलोंपैकी पाव किलो चिरेपर्यंत माझ्या मनगटाने संप पुकारला. मग मी गुपचूप दांडा फिरवायचं खिमायंत्र काढलं, टेबलाच्या कडेला आवळलं आणि घरघर शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठ्याने लावला. पण पातं बसलं उलटं. मटण कापलं जायच्या ऐवजी चेचलं गेलं आणि जाळीतून राखाडी लगदा यायला लागला. वरून दाबायचा लाकडी दट्ट्या सापडेना, म्हणून मी बोटच घालणार, तेवढ्यात नफीसा धावत आली. "बाबा, बोट बाहेर! सासूबाईंना बापाच्या बोटाची मांती वाढू का?" तिने आधी दांडा काढला, मग यंत्र उघडलं, पात्याला गुंडाळलेल्या शिरा ओढून काढल्या आणि पात्याची सपाट बाजू जाळीकडे करून दिली. दट्ट्या म्हणून हातात एक गाजर दिलं. (तेही शेवटी आत गेलं.)

पुन्हा लाटायला जाताना ती सांगून गेली, की धुण्याआधी यंत्रातून शिळा नान फिरवा, अडकलेलं मटण निघून येतं. फिरवला. आता त्या नानाचं करायचं काय? तुकडा खाली पडला तरी उचलून कपाळाला लावणारी माणसं आपण, नान कचऱ्यात टाकायचा कसा? म्हणून मी तो सारणातच ढकलला. यंत्र धुतलं आणि ओलंच फडक्यात बांधून रजयांच्या पेटीमागे लपवलं.

झुमरादखानांनी पहिली मांती तोंडात घातली. चावल्या. थांबल्या. नफीसा भरलेल्या पेल्यातच चहा ओतत राहिली. "वा! सुरीचंच काम!" त्या म्हणाल्या आणि आणखी दोन घेतल्या. माझा जीव भांड्यात पडला. पण हात धुवायला उठल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "नोसिरजान, यंत्रातून शेवटी काढलेला नान कोंबड्यांना घालायचा असतो, विहिणीला नाही. आणि यंत्र पुसून कोरडं करत जा, गंजेल. मी बावीस वर्षं वापरतेय, आमच्या ह्यांना अजून पत्ता नाही. तुम्हीही बोलू नका."

आपा, मला रडू आलं. सोयरीक पक्की झाली. लग्नाला नक्की या.

तुमचा,
नोसिर

ता. क. येताना ताश्कंदहून खिमायंत्राची एक नवी जाळी आणा. जुनी पेटीमागे घरंगळली होती, आज सापडली, गंजून लाल झालीय.

ता. क. २. जाळी मला नको, झुमरादखानांना हवीय. त्यांच्या यंत्राचा दांडा मोडलाय, म्हणून जाताना त्या आमचं यंत्र शालीखाली घालून घेऊन गेल्या. नाही म्हणायची माझी काय बिशाद!

ता. क. ३. आमचं म्हणजे, गेल्या हिवाळ्यात तुम्ही आठवड्याच्या बोलीवर दिलेलं. तेव्हा जाळीचं माप तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नात त्यांच्या स्वयंपाकघरात ते दिसलं, तर कृपा करून ओळख दाखवू नका. पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे.