बेनिताच्या नावाने

कोल्काविरी, १० जानेवारी १९७९

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेला सुटी लागून महिना झाला तरी मी घरी का आले नाही, असं तू तेओफिलाकाकूंकरवी विचारलंस. पावसाने रस्ते वाहून गेलेत हे खरं, पण कारण ते नाही. घरी आले की बेनिताचा फोटो समोर असतो आणि त्याच्यासमोर मला हे बोलता येत नाही. म्हणून पत्र.

येत्या चोवीस तारखेला तू छोट्या वस्तूंच्या जत्रेत जाशील. दुपारी बाराच्या ठोक्याला शिक्षिकेचं चिमुकलं प्रमाणपत्र घेशील, बेनिताचं नाव सांगून धुपावर धरशील आणि घरातल्या मिशाळ एकेको देवाच्या मूर्तीवर अडकवशील, वर्षभरात खरं व्हावं म्हणून. अठरा वर्षं हेच चाललंय. शिक्षिका व्हायचं होतं ते तिला. ती अकराव्या वर्षी तापाने गेली, आणि शिक्षिका झाले कोण? मी. तुझं मागणं पोचलं खरं, फक्त पत्ता चुकला.

मी वाईट शिकवत नाही गं. पण तिच्या वह्या गिरवून शिकले, त्यामुळे फळ्यावर अक्षर तिचंच उमटतं. वर्ग सुरू करण्याआधी मी दाराकडे बघते. वाटतं, ती येईल आणि मला तिच्या खुर्चीवरून उठवेल. मला भीती वाटते, आई.

लहानपणापासून मला नाचाच्या झग्यांवर जरीकाम करायचं होतं, हे तुला आठवतं तरी का? हिलारियोनकाकांनी त्यांच्या कारखान्यात मार्चपर्यंत माझी जागा धरून ठेवलीय. यंदा जत्रेत एक चिमुकलं शिवणयंत्र घे, माझ्या नावाने. एवढं केलंस तर राजीनामा देईन. नाही केलंस तर मला धीर व्हायचा नाही.

लोभ आहेच, यंदा थोडा माझ्या वाट्याला यावा.

तुझी,
फेलिसा


ला पास, २५ जानेवारी १९७९

चि. फेलिसास अनेक आशीर्वाद.

रागावशील ते रागाव, पण पत्र पुरतं वाच. काल मी जत्रेत गेले. गुडघे कुरकुरत होते तरी सकाळीच गेले. यंत्र निवडायला तासभर लावला आणि सुई खरोखर वरखाली होणारं घेतलं. प्रमाणपत्रं विकणारीच्या समोरून मान खाली घालून पुढे गेले. बारा वाजले. धूप देणाऱ्या यातिरी पुजाऱ्याने कुणासाठी म्हणून विचारलं. तुझं नाव ओठांवर होतं. तोंडातून निघालं बेनिता. त्याने यंत्रावर पाकळ्या टाकल्या, दारू शिंपडली, झालं. नाव बदलता येईल का म्हणून विचारलं, तर दिलेलं नाव फिरत नाही म्हणाला.

ते एकेकोच्या अंगावर बांधायचं धाडस झालं नाही. टेबलावर ठेवलंय. आज दुपारी मी बटाटे सोलत होते आणि सुई चालल्याचा आवाज आला. वारा असेल. मी बघायला गेले नाही.

पोरी, तुझ्यावर माया कमी आहे असं समजू नकोस. तू चालतेस, जेवतेस, माझ्याशी भांडतेस. तिचं सगळं मलाच मागावं लागतं. मी मागणं सोडलं तर ती अकराचीच राहील. आणि आता तुझं होतं तेही मी तिला देऊन बसले. काय करू ते तूच सांग.

म्हाताऱ्या आईवरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी आई,
कासिमिरा


कोल्काविरी, १७ फेब्रुवारी १९७९

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. आधी तुझा राग आला, मग तिचा. मेलेल्या बहिणीचा हेवा करायची लाज वाटली, तरी केला.

यंत्र तिचंच राहू दे. पुढच्या वर्षी माझ्यासाठी दुसरं घेऊ नकोस. मी राजीनामा दिलाय. हिलारियोनकाकांकडे मी कुणी काही न मागता जाणार आहे. जमेल की नाही ठाऊक नाही, पण फसलं तरी ते माझं एकटीचं असेल. बुधवारच्या ट्रकने घरी येते.

शाळा सुरू झाल्यावर नवे शिक्षक येईपर्यंत दहा दिवस शिकवलं. काल शेवटचा दिवस होता. चौतीस मुलांची हजेरी घेतली आणि यादी संपल्यावर मोठ्याने बेनिताला हाक मारली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, पण हसलं कुणी नाही. मी थांबले. तिला यायला पुरेल एवढा वेळ थांबले. मग यादीच्या शेवटी तिचं नाव लिहिलं आणि त्यापुढे गैरहजर अशी खूण केली.

लोभ दोघींवरही असू दे.

तुझी,
फेलिसा