काका संमेलनाला जातात

ता. ४ मार्च

ती. काकांस, भिंगरीचा शि. सा. न.

सोबत तिकीट पाठवलं आहे. ते परत घेणार नाही, हे आधीच सांगते. वॉर्डातल्या दोन नर्स आजारी पडल्या आणि माझी रजा रद्द झाली. ‘तारकायान’ मालिकेच्या चाहत्यांचं संमेलन मी पहिल्यांदाच चुकवणार, तेव्हा माझ्या जागी तुम्ही जायचं. काकू गेल्यापासून दोन वर्षांत दूध आणण्यापलीकडे कुठे गेला आहात, सांगा बरं?

नवे बूट घालू नका, पायाचे तुकडे पडतील. सभागृहात गारठा असतो, स्वेटर न्या. बाराच्या आत खाऊन घ्या, नंतर साध्या पावालाही तासभर रांग. मालिकेतल्या पात्राचं सोंग घेतलेल्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि सगळं बघायचा हव्यास नको; एकच गोष्ट ठरवा.

माया आहे तशीच ठेवा.
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस, अ. आ.

जन्म कवळ्या बनवण्यात गेला. आता अडुसष्टाव्या वर्षी हिरव्या तोंडाच्या माणसांत मी काय करू? तिकीट परत पाठवायला पाकीटही आणलं होतं.

पण एक गोष्ट मनात आहे. लेखकाने यानावरच्या डॉक्टरला मारलं, तेव्हा तुझ्या काकूने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, जणू मीच मारलं! त्या माणसाला एकदा जाब विचारायचा, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. तो येणार असेल तर जाईन, तेवढं विचारीन आणि तडक घरी येईन.

तुझी आठवण काढणारा,
काका

ता. १३ मार्च

ती. काकांस, शि. सा. न.

लेखक येणार आहे, तीन वाजता. दोनलाच रांग धरा. प्रश्न एका वाक्यात विचारा. तुमची प्रस्तावना संपेपर्यंत माइक काढून घेतील. पिशवीत सेफ्टी पिना आणि डिंक ठेवा, कुणाचं ना कुणाचं काहीतरी तुटतंच.

रागावू नका, प्रेमानेच सांगते.
भिंगरी

ता. २२ मार्च

चि. भिंगरीस, अ. आ.

लेखकाला विचारायचं राहून गेलं. आधी रागावून घे, मग पुढे वाच.

दोनला रांगेत उभा राहिलो. पुढे राक्षसिणीच्या वेषातली एक बाई रडकुंडीला आली होती. एक सुळा तुटलेला, दुसरा हिरडीला कापत होता. आज स्पर्धा आहे आणि चार महिने खपून हा वेष शिवलाय, असं म्हणाली. मला राहवेना. सवयीने कानस खिशात होतीच. गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे दाणे एका दुकानात मिळाले, पाणी चहावाल्याने दिलं. सुळा बसवला, दुसरा घासून गुळगुळीत केला. तिने आरशात पाहिलं आणि अशी गुरगुरली की मी दोन पावलं मागे सरलो.

मान वर केली, तर मागे सात जण आपापले सैल नाही तर तुटके खोटे दात दाखवत तोंड वासून उभे! तीनचा पुकारा ऐकू आला. क्षणभर पाय तिकडे वळलेही. पण एका पोराचा दात माझ्या हातात, अर्धा घासलेला. तो टाकून कसा जाणार?

मग डॉक्टरला का मारलं, हा प्रश्न यांनाच विचारला. काय जुंपली म्हणतेस! एक म्हणाला, डॉक्टर मेला नसता तर कप्तान कधी शहाणा झाला नसता. राक्षसीण म्हणाली, प्रेत कुठे दाखवलंय, डॉक्टर जिवंत आहे. मी चहावाल्याच्या टेबलावर हात आपटून म्हणालो की हा शुद्ध आळशीपणा आहे, लेखकाला पुढचं सुचलं नाही. तुझ्या काकूनंतर इतकं कडाडून कुणाशी भांडलो नव्हतो. घसा बसलाय, पण झोप छान लागली.

रविवारी त्यातले पाच जण दात बनवायला शिकायला यायचेत. मागच्या खोलीतलं कामाचं टेबल पुसून ठेवलंय. घरात खुर्च्या मात्र दोनच आहेत. तुला सुट्टी असली तर ये, आणि येताना तुमच्याकडच्या चार घेऊन ये.

जीव लावतेस तशीच लावत राहा.
काका