शपथ फोनची होती

टेमघर, भिवंडी
५ ऑक्टोबर, रविवार

प्रिय विवेक,

अक्षर ओळखलंस ना? ओळखायलाच हवं. तीन वर्षं माझ्या जर्नलवरून थिअरी उतरवून घेतली आहेस. आता तू म्हणशील, आजच्या काळात पत्र कोण लिहितं? ऐक. तुझ्या आईने मला शपथ घातली आहे की एक गोष्ट तुला फोन करून सांगायची नाही. तिने ‘फोन’ हाच शब्द वापरला, म्हणून मी कागद घेतला. स्पीड पोस्टने बंगळुरूला तीन-चार दिवसांत पोचतं, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. तुझं सिंगापूरचं विमान सत्तावीसला आहे, म्हणजे वेळ आहे. गोष्ट तुझ्या आईच्या तब्येतीची आहे आणि ती मी सांगणारच आहे. पण एकदा ती वाचलीस की बाकीचं तू वाचणार नाहीस, म्हणून आधी थोडं माझं ऐकून घे. पुढचं पान उलटू नकोस. ती पाड्यावर आहे, जेवते आहे, मला शिव्याही देते आहे.

मी अजून तिथेच आहे, धामणकर नाक्यावरच्या लॅबमध्ये. बीएस्सीनंतर डीएमएलटीचा लॅब डिप्लोमा करून चिकटले ती आजपर्यंत. लॅब पहिल्या मजल्यावर, खाली कापडाच्या लूमचा कारखाना. लूम चालू असले की आमचं टेबल थरथरतं आणि शंभरच्या लेन्सखाली पेशी नाचायला लागतात. म्हणून अवघड स्लाईड मी बाजूला ठेवते आणि शुक्रवारी दुपारी नमाजासाठी लूम थांबले की बघते. कॉलेजात मॅडमनी मायक्रोस्कोपचे सगळे भाग शिकवले, पण भिवंडीत तो वापरायचा कधी, ते मला लूमवाल्यांनी शिकवलं. आपल्या बॅचचं म्हणशील, तर रूपा बीएड करून शाळेत विज्ञान शिकवते आणि पोरं फुलाचे भाग पाठ करत नाहीत म्हणून चिडते. (ती स्वतः कुठे करायची?) सागर औषध कंपनीचा एमआर झाला आहे. डॉक्टरांच्या दाराबाहेर बॅग घेऊन ताटकळतो आणि आमच्याकडे आला की हक्काने माझा डबा खातो. मी बायोलॉजी घेतलं तेव्हा आमच्या नातेवाइकांनी मला डॉक्टरीणच करून टाकलं होतं, आठवतं? हळदीच्या कार्यक्रमात बायका माझ्यापुढे हात करायच्या, ‘बघ गं जरा नाडी.’ मी तेव्हा गांडुळाची पचनसंस्था शिकत होते. आता त्याच विचारतात, एवढं शिकून सुयाच टोचायच्या होत्या का? मला हे काम आवडतं, विवेक. माणसाच्या रक्तात काय चाललंय ते त्याच्या आधी मला दिसतं, आणि ते बरोबर बघणं ही लहान गोष्ट नाही.

आपण प्रॅक्टिकलला पार्टनर झालो ते रोल नंबर शेजारी होते म्हणून. दोघांत एक मायक्रोस्कोप. आधी तू बघायचास, मग मी, आणि दर वेळी मला सगळं धुरकट दिसायचं. मला वाटायचं तू मुद्दाम फोकस हलवून ठेवतोस, तुला वाटायचं मी नखरे करते. सहा महिने आपण त्या बारक्या चाकावरून भांडलो. मग एक दिवस मला शंका आली आणि मी तुला खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला सांगितली. तू विचारलंस, कुठली पाटी? तुला वाटायचं लांबचं सगळ्यांनाच असं दिसतं. पाड्यावर कोण कुणाचे डोळे तपासतंय! नाक्यावरच्या दुकानात चष्मा मिळाला तेव्हा तू बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलास आणि समोरच्या शेअर रिक्षांचे नंबर मोठमोठ्याने वाचायला लागलास. एकामागून एक, शाळेत पाढे म्हणतात तसे. रिक्षावाल्यांना वाटलं आरटीओचा माणूस आला. एकाने तर घाईघाईने पुढच्या सीटवरचे दोन पॅसेंजर खाली उतरवले. मी पोट धरून हसत होते, आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं की आता माझं काही खरं नाही.

तू खेकड्यांवरच, आपल्या चिंबोऱ्यांवरच, पुढे शिकणार हे मला तुझ्याआधी कळलं होतं. मॅडमनी प्रॅक्टिकलला जिवंत चिंबोरी आणली, ती ट्रेमधून निसटली आणि सगळा वर्ग बाकांवर चढला. तू शांतपणे ती मागून उचललीस, उलटी केलीस, पोटावरची रुंद झडप दाखवलीस आणि म्हणालास, ‘मॅडम, मादी हाय ही.’ कुठल्या पुस्तकात वाचलं, असं त्यांनी विचारलं. आई शेलारच्या नाक्यावर चिंबोऱ्या विकते, हे तू साठ मुलांसमोर सांगितलंस, मान जराही खाली न घालता. मला तुझा एवढा अभिमान वाटला, आणि तरी घरी मी तुझं नाव कधी काढलं नाही. शेवटच्या पेपरनंतर तू दोन गोष्टी विचारल्यास. पुण्याला एमएस्सीचा फॉर्म बरोबर भरू या का, आणि घरी येऊन बाबांशी बोलू का. मी दोन्हीला ‘आत्ता नको’ म्हणाले. कारणं सांगितली. बाबांची जमीन गोडाऊनला गेली होती, ते घरी बसून होते, धाकटीचं शिक्षण बाकी होतं. सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्याखालचं कारण हे की पाड्यावरच्या मुलाचं नाव आमच्या घरात घ्यायला मी घाबरले. ते तुला तेव्हाच कळलं होतं. तू एका शब्दाने मला टोचलं नाहीस, त्याचा मला भांडणापेक्षा जास्त त्रास झाला. त्या ‘आत्ता नको’ला आठ वर्षं झाली.

तुझी खबर मला तुझ्या आईकडून मिळते. पावसाळ्यात तिच्या टोपलीत चिंबोऱ्या, उन्हाळ्यात करवंदं, मधल्या दिवसांत रानभाजी किंवा कंद, आणि मी बारमाही गिऱ्हाईक. माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर शेलार येतच नाही, हे तिला पहिल्या वर्षीच समजलं असणार. एक चिंबोरी जास्त टाकायची आणि न विचारताच सांगायची. पोरगा एमएस्सी झाला, पोरगा पीएचडीला लागला, पोराने डोंगरातली एक चिंबोरी शोधली ती कुणालाच ठाऊक नव्हती. हे शेवटचं सांगताना ती एवढी हसली, ‘आमाला ठावी हुती की! आमी खायाचो ती.’ बाबा विचारायचे, परत चिंबोऱ्या? मी म्हणायचे, कॅल्शियम असतं. मला तुझी आठवण येते, विवेक. हे सरळच लिहिते, आडून आडून लिहायचा कंटाळा आला आहे. दोन स्थळं मी नाकारली, तिसऱ्याने मला नाकारलं, आणि तिन्ही वेळा मला हायसं वाटलं. शुक्रवारी लूम थांबले की सगळा नाका एकदम गप्प होतो, आणि त्या अर्ध्या तासात मला वाटतं तू मागे उभा आहेस आणि म्हणणार आहेस, सरक, मला बघू दे.

आता ती गोष्ट. गेल्या महिन्यात तुझी आई लॅबचा जिना चढून वर आली. चढता चढता दोनदा बसली. तिला दोन महिन्यांपासून दम लागत होता, डाव्या बरगडीखाली जड वाटत होतं, आणि सरकारी दवाखान्यातून रक्त तपासायला चिठ्ठी दिली होती. मशीनने पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर दाखवल्या. दहा-अकरा हजारांच्या आत असायला हव्यात. मशीन चुकलं असेल म्हणून मी परत लावलं, तोच आकडा आला. मग स्लाईड केली. त्या दिवशी मंगळवार होता, खाली सगळे लूम धडधडत होते. मी खाली गेले आणि मुकादमाला म्हणाले, ‘चाचा, पाँच मिनट बंद करो ना.’ त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता मेन स्विच पाडला. लेन्सखाली पांढऱ्या पेशींची दाटी होती, कच्च्या, अर्ध्या, पिकलेल्या, सगळ्या वयांच्या. आमच्या लॅबच्या डॉक्टरसरांनी बघितलं आणि म्हणाले, सीएमएल. रक्ताचा कॅन्सर. आणि लगेच पुढचं वाक्य म्हणाले, ते तू दोनदा वाच. हा प्रकार रोजच्या गोळीने बहुतेक जणांचा आटोक्यात राहतो, माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात. मी तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले, जनुकाच्या तपासणीचं रक्त देऊन आलो. तोवर चालू ठेवायला एक गोळी दिली आहे. रिपोर्ट सोळा तारखेला, गुरुवारी. त्या दिवशी कायमची गोळी सुरू होईल.

परत येताना तिने माझा हात धरून शपथ घातली. म्हणाली, ‘पोराला फोन न्हाय करायचा. त्याचा जीव हितं आडकला तं तो इमानात बसायचा न्हाय. मी टोपली वाहून त्याला हितवर आणलाय.’ मी हो म्हणाले. तसंही पेशंटचा रिपोर्ट बाहेर सांगणं हे टेक्निशियनचं काम नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण पंधरा दिवस मी स्वतःला विचारते आहे, तुला सांगावंसं वाटतं ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? तू ऐकशील, धावत येशील, जाणं रद्द करशील, आणि मला तू नाक्यावर दिसशील, असा विचार माझ्या मनात आला होता. आला होता हे कबूल करते. लाजही वाटली. ज्या मी तुला शिकायला एकट्याला जाऊ दिलं, त्याच मी आता तुला शिकण्यावरून मागे ओढावं? म्हणून नीट लिहिते. तू सिंगापूरला जा. तिकडची संशोधनाची दोन वर्षं तुझी आहेत, तुझ्या आईची आहेत. गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, हॉस्पिटलच्या खेपा, हे सगळं मला जमतं, माझं शिक्षणच त्याचं आहे. फक्त जाण्याआधी तिला भेटून जा. तिला वाटतं तुला न सांगणं म्हणजे तुला सांभाळणं. तुला नंतर कळलं तर तू आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाहीस, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि काल मी बाबांना सांगितलं. सगळं, आठ वर्षांचं, एका दमात. धाकटी दाराआड उभी राहून ऐकत होती. बाबांनी आधी टीव्ही बंद केला. मग विचारलं, ‘तो चिंबोऱ्यावाला?’ मी म्हणाले, हो, तोच. जेवताना एकदम म्हणाले, ‘चिंबोऱ्यांवर एवढं शिकायला असतं तरी काय?’ माझी आई म्हणते, राग असता तर ताटावरून उठले असते. मी त्याला होकार समजत नाही. पण आठ वर्षांपूर्वी जे वाक्य बोलायला मला धीर झाला नाही, ते बोलून मी अजून जिवंत आहे, एवढं मात्र खरं.

खरं तर पत्र यासाठीही नाही. हे सगळं मी रूपाकडून किंवा सागरकडून तुला कळवू शकले असते. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कारणासाठी. हॉस्पिटलात केस पेपर काढताना खिडकीतल्या माणसाने मला विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? मी लॅबमधली, ओळखीची, असं काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात तुझी आई मागून म्हणाली, ‘सून हाय माझी.’ त्याने तसंच लिहिलं, ठसठशीत निळ्या अक्षरात, आणि मी नाही म्हणाले नाही. बाहेर आल्यावर विचारलं, मावशी, असं का सांगितलंत? तर म्हणाली, ‘मंग काय सांगू? लॅबवाली?’ आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली, भिवंडी येईपर्यंत. तो पेपर माझ्या पर्समध्ये आहे. चुकीची नोंद मी कधी तशीच ठेवत नाही, तू ओळखतोस मला. ही ठेवली आहे. सोळा तारखेला सकाळी नऊ वाजता त्याच खिडकीवर तो दाखवायचा आहे. तू ये विवेक, आणि तुला जे वाटेल ते कर. तो शब्द खोडायचा असेल तर माझ्यासमोर खोड, मी तरीही तुझ्या आईला दर महिन्याला घेऊन जाईन. नाहीतर तो खरा कर.

आठ वर्षं उशिरा, पण तुझीच,
हेमाली