संगिनी, बंदुका आणि तुझी पेटी

वाणगाव,
रविवार

प्रिय रखमा,

तुला पत्र लिहायची सवयच मोडली. पलटणीत असताना दर आठवड्याला लिहायचो. आता फोन आहे, पण फोनवर तू ‘जेवलात का?’ विचारतेस, मी ‘जेवलो’ म्हणतो आणि तू फोन हर्षितच्या हातात देतेस. मग नातू मला बालवाडीत काढलेल्या मोराबद्दल सांगत बसतो. तुझ्याशी बोलायचं राहूनच जातं, म्हणून हे पत्र.

इकडे ठीक आहे. तुझ्या मिरच्या यंदाही लावल्या, चांगल्या धरल्यात. शेजारची साखरबाय रोज कुंपणावरून विचारते, वयनी कदी येनार हाय? मी म्हणतो, येईल. परवा म्हणाली, तुमी जाऊन आना ना, वापी काय लांब नाय. मी पाणी घालत राहिलो.

हल्ली मला एक काम मिळालंय. पालघरला आम्हा माजी सैनिकांच्या सभागृहात जुन्या बंदुका मांडायच्या आहेत. नळ्या बुजवलेल्या, निकामी, पण रुबाब तोच. घोटाळा असा, की बंदुका आल्या एका खोक्यातून आणि संगिनी दुसऱ्यातून, सगळ्या एकमेकींत मिसळून. सभागृहाचा सेक्रेटरी चंद्रभान सुभेदार म्हणाला, कृष्णकांत, जन्मभर पलटणीच्या बंदुका दुरुस्त केल्यास, आता हेही निस्तर.

माझ्या कामाचं सांगायला लागलो की तुला जांभई यायची, पण आज ऐक. संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी बसवायचं पातं. दिसायला सगळ्या सारख्या. पण या जुन्या संगिनी एकेका बंदुकीवर हाताने घासून बसवलेल्या. भलत्या बंदुकीवर चढवली तर चढते, पण खुळखुळते. आपल्या बंदुकीवर बसली की खटका टक् वाजतो आणि कितीही हलवा, आवाज नाही. मी एकेक उचलतो, गंज काढतो, तेल लावतो, चढवतो, कान लावून ऐकतो. दुपार कशी जाते कळत नाही. संध्याकाळ मात्र कळते. कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा, आणि चहा सवयीने दोन कप टाकायचा.

आपल्या लेकीच्या, हेमालीच्या बाळंतपणाला वापीला गेलीस तेव्हा म्हणालीस, बाळाने मान धरली की येते. ते बाळ आता मोर काढतंय. मी कधी विचारलं नाही, तू कधी बोलली नाहीस. भांडण झालं असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं. लोकांना वाटतं, फौजी नवरा कायमचा घरी आला म्हणजे बाई सुखी. आपल्याला तर एकमेकांची सवयच नव्हती. मी पहाटे उठून मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावायचो आणि तू हळद शोधत बसायचीस. तुझ्या मैत्रिणी आल्या की मी ओटीवरून हलायचो नाही, मग त्या बिचाऱ्या धड हसायच्याही नाहीत. इतकी वर्षं घर तू एकटीने चालवलेलं. त्यात पाहुणा येऊन बसला आणि जायचं नाव घेईना. तुझं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही.

आणि माझी रजा आठवते? तू वाणगाव स्टेशनवर घ्यायला यायचीस, ठेवणीतली साडी नेसून. चारचौघांत काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून उगाच विचारायचीस, गाडीला गर्दी होती का? मग महिनाभर चुलीपुढे आपली बडबड. तवा थंड व्हायचा तरी आपलं संपायचं नाही.

परवा सगळ्या जोड्या जुळल्या. चंद्रभान खूश. म्हणाला, आता संगिनी चढवूनच ठेव कायमच्या, शोभून दिसतं. मी भडकलोच. म्हटलं, सुभेदारसाहेब, संगीन बारा महिने बंदुकीवर कोण ठेवतं? ती म्यानात असते, कमरेला, हाताशी. लागेल तेव्हा चढवायची. तो म्हणाला, बरं बाबा, तुझंच खरं. प्रत्येक बंदुकीशेजारी तिची संगीन म्यानात घालून ठेवली आणि निघालो. रिक्षात डोळे भरून आले. रिक्षावाल्याने आरशात पाहून विचारलं, चाचा, सब ठीक? मी म्हटलं, धूळ आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण, काल हेमालीचा फोन आला. आईची पेटी पाठवा म्हणाली, लग्नातली, पितळी कड्यांची. तिला वाटलं, साधंच काम सांगतेय. मी मात्र फोन ठेवून तिथेच बसून राहिलो. ती पेटी गेली की या घरात तुझं काही उरत नाही. तरी अडवत नाही. साखरबायचा मिथुन उद्या टेम्पो घेऊन वापीला निघालाय, त्याच्याबरोबर पेटी आणि हे पत्र पाठवतोय. तुझ्या साड्या घातल्यात, सुक्या मिरच्यांची पुरचुंडी घातलीय, आणि सगळ्यांत वर माझे दोन सदरे आहेत. चुकून नाहीत. मला इथे फार एकटं वाटतं, रखमा. कायमचा येतो म्हणत नाही, तुलाही कायमची बोलवत नाही. दहा दिवसांची रजा मागतोय. नामंजूर असेल तर सदरे मिथुनबरोबर परत पाठव, मी समजून घेईन. मंजूर असेल तर शनिवारी दुपारच्या गाडीला वापी स्टेशनवर ये. बाकी काही बोलू नकोस. गाडीला गर्दी होती का, एवढंच विचार.

रजेची वाट पाहणारा,
तुझाच,
कृष्णकांत