घोंगडीआडचा टाको

लुकाचुकाई,
डोंगरावर पहिला बर्फ पडला तो दिवस

डेल्फीनताई,

तुझा धाकटा भाऊ एमरसन, ज्याची दाही बोटं अजून शाबूत आहेत (भाजलेली धरून), तुला इथूनच वाकून नमस्कार करतो. गुडघा कसा आहे? लॉस एंजेलिसच्या दमट हवेनं तो दुखतो असं तू म्हणतेस, आणि इथल्या कोरड्या हवेत माझा दुखतो. तेव्हा हवेवर आळ घेण्यात अर्थ नाही, गुडघे एकाच घराण्यातले आहेत. तुझा पोपट अजून शेजारणीच्या आवाजात खोकतो का? आमच्याकडे मेंढरं धडधाकट आहेत, गाडी ढकलल्यावर चालते, आणि तुझी भावजय अर्लिंडा मजेत आहे, फक्त तिचा उजवा हात मोडला होता. (घाबरू नकोस. मोठ्या मेंढ्यानं मागून धडक दिली. तो मेंढा आता आमच्यात नाही, आणि त्याचा रस्सा उत्तम झाला होता.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोन लागायला मागच्या टेकडीवर चढावं लागतं आणि वाऱ्याविरुद्ध ओरडावं लागतं. तिथून बोललेलं सासूबाईंना चुलीपाशी बसून ऐकू येतं. म्हणून हा कागद.

तर सासूबाई. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या अंगणात राहतो, पण त्यांचं तोंड मी पाहिलेलं नाही आणि माझं त्यांनी. हल्लीची पोरं सासूच्या शेजारी बसून टीव्ही बघतात, पण आमच्या घरात जुनं वळण आहे. सासू-जावयाची नजरानजर झाली तर डोळे जातात म्हणतात, आणि माझे आधीच अर्धे गेलेले असल्यामुळे मी उरलेल्यांची परीक्षा घेतली नाही. त्यांच्या कमरपट्ट्याला चांदीचे बारीक घुंगरू आहेत. ते वाजले की मी मागच्या दारानं बाहेर. (एकदा अंघोळीच्या मधेच वाजले. ती गोष्ट राहू दे.) इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही. किती जावयांना असं म्हणता येईल?

अर्लिंडाचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि फिनिक्सहून माझी मेहुणी रोझलिन हिचा निरोप आला. रविवारी येते, आईला हिवाळ्यापुरती घेऊन जाते. हात मोडलेली बाई आणि डबे फोडून जेवणारा पुरुष, अशा घरात म्हातारीनं खायचं काय? तसं तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण ताई, फिनिक्सला हिवाळा असतोच कुठे? जो सुरूच होत नाही तो संपणार कधी आणि म्हातारी परत येणार कधी? तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकी उघडत नाही, मेंढरू औषधालाही नाही. मी गरम केलेलं डब्यातलं सूप सासूबाईंनी तसंच परत पाठवलं आणि लेकीला म्हणाल्या, "त्याला सांग, रविवारी टाको करायचे. भाकर घरी तळायची."

मी हसलो. मग कळलं की हसायचं नव्हतं.

टाको म्हटल्यावर तुला काय आठवलं ते मी इथून सांगतो. शिपरॉकचा मेळा, आणि फांद्या टाकून केलेल्या मांडवात टाको विकणारी आपली आई. (नाव घेत नाही, गेलेल्या माणसाला हाका मारू नयेत.) गाडीच्या मागच्या उघड्या भागात आपण पिठाच्या पोत्यांवर बसून जायचो, रस्ताभर थंडी आणि धूळ, आणि शिपरॉकचा काळा खडक दिसला की तू ओरडायचीस. पोत्यांवर निळा पक्षी छापलेला असायचा. त्याच कापडाचा आईनं तुला फ्रॉक शिवला होता आणि मेळ्यातली पोरं तुला पीठवाली म्हणायची. फुगलेली भाकर, तिच्यावर ठिपक्यांचा घेवडा, मटणाचा खिमा, कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, वर किसलेलं चीज. रस कोपरापर्यंत ओघळायचा. तो चाटायचा की पुसायचा यावरून तू माझ्याशी भांडायचीस. गोऱ्यांच्या सरकारनं आपल्या पणज्यांना जमिनीवरून हाकलून छावणीत कोंडून ठेवलं, पीठ आणि चरबी तेवढी दिली, आणि त्यातून त्या बायकांनी हे काढलं, असं आई सांगायची. सांगताना तिचे हात थांबायचे नाहीत. मी तेव्हा खाण्यात गुंतलो होतो, ते हात नेमकं काय करतात हे बघायचं राहूनच गेलं.

त्यामुळे पहिला प्रयोग मी अंदाजानं केला. पीठ, मीठ, बेकिंग पावडर, गरम पाणी. मेंढरं हाकताना येतो तो सगळा जोर लावून कणीक मळली. बिडाच्या कढईत चरबी तापवली आणि भाकर सोडली. ती बुडाली. नुसती बुडाली नाही, तळाला जाऊन बसली आणि वर यायचं नाव घेईना. बाहेर काढल्यावर मी ती आमच्या कुत्र्याला, टायरला दिली. त्यानं हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि कुंपणाजवळ खड्डा खणून पुरली. दुसऱ्या खेपेची बाहेरून काळी आणि आतून कच्ची निघाली. अर्लिंडानं ती चावून पाहिली आणि फार प्रेमानं म्हणाली, "अहो, विकतचे पाव आणूया का?" एरवी ती मला नावानंच हाक मारते, "अहो" म्हणते तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

तेवढ्यात घुंगरू वाजले. मी मागच्या दाराकडे धावलो, तर पलीकडून आवाज आला, "त्याला म्हणावं पळू नकोस. दारात घोंगडी टांग." मग स्वयंपाकघराच्या दारात आजीच्या मागावरची जाड लाल घोंगडी टांगली. पलीकडे खुर्चीवर सासूबाई, अलीकडे कढईपाशी मी, आणि मधे टपालखात्यासारखी अर्लिंडा. "त्याला सांग, पाणी जास्त झालंय." अर्लिंडा मला सांगायची, पाणी जास्त झालंय. "त्यांना सांग, मोजूनच घातलं होतं." अर्लिंडा त्यांना सांगायची. "त्याला सांग, मोजून घालतो म्हणूनच जास्त होतंय." दोघांनाही सगळं ऐकू येत होतं, तरी प्रत्येक वाक्य तिच्या तोंडून जायलाच हवं. शेवटी ती वैतागली, "तुम्ही दोघं आणि तुमची कणीक!" म्हणाली आणि मोडका हात गळ्यात अडकवून मेंढरांकडे निघून गेली.

मी कणकेचा गोळा हातात धरून उभा. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग सासूबाई म्हणाल्या, "टायर, त्याला सांग, कणकेला मारू नकोस. तिनं तुझं काही घोडं मारलेलं नाही. हलक्या हातानं घे आणि झाकून ठेव."

टायर घोंगडीखाली अर्धा इकडे, अर्धा तिकडे झोपला होता. मी म्हणालो, "टायर, त्यांना सांग, झाकली." आणि त्या क्षणापासून आमचं बरं जमलं.

त्यांना काही दिसत नव्हतं, पण कान असे की विचारू नकोस. चिमूटभर कणीक चरबीत टाकली की ती कशी चुरचुरते यावरून आच सांगायच्या. भाकर दोन्ही तळहातांत थापायला लागलो की, "टायर, हा आवाज ओल्या चपलेचा आहे. बोटं पसरायला सांग." पुन्हा थापायचो. "आता चपला वाळल्या. अजून भाकर नाही." सगळी दुपार असं चाललं. आणि मग अचानक, मी वेगळं काय केलं ते मलाही ठाऊक नाही, हातातून तो आवाज निघाला. थप, थप, आणि मधे जराशी फिरकी. ताई, तो आईचा आवाज होता. मांडवात पाठीमागे पोत्यावर झोप लागता लागता ऐकू यायचा तोच. माझे हात थांबले. मग सासूबाई टायरला म्हणाल्या, "मेळ्यात याच्या आईचा मांडव आमच्या शेजारी असायचा. ती याहून जोरात थापायची. थांबू नको म्हणावं." धुरानं डोळ्यांत पाणी आलं. (चरबी तेव्हा तापायचीच होती, धूर नव्हता. पण तू कोणाला सांगू नकोस.)

रविवारी रोझलिन नवरा आणि नवी कोरी मोठी बॅग घेऊन आली. पहिला टाको तिनं कोट अंगात ठेवून, उभ्या उभ्या खाल्ला. दुसऱ्याला बसली. तिसऱ्याला कोट काढला. रस मनगटावरून कोपराकडे निघाला आणि ती, बँकेत साहेबीण असलेली बाई, तो चाटून म्हणाली, "ही आईची चव आहे. खरं सांग अर्लिंडा, कोणी केलं?" अर्लिंडानं प्लास्टर वर करून दाखवलं. रोझलिननं माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटांवरच्या फोडांकडे बघितलं. तरी जरा वेळानं म्हणालीच, की जेवणाचं ठीक आहे हो, पण बर्फ पडल्यावर लाकडं कोण आणणार, रात्रीबेरात्री दवाखान्यात कोण नेणार. मी म्हणालो, मी. त्यावर ती काही बोलणार तेवढ्यात घोंगडीमागून आवाज आला.

"रोझलिन, ती बॅग परत घेऊन जा. मला यायला जमायचं नाही. माझ्या जावयाला अजून मीठ कळत नाही. मी गेले तर त्याला शिकवणार कोण?"

इतक्या वर्षांत मी "तो" होतो. त्या दिवशी "माझा जावई" झालो, तेही मिठाच्या तक्रारीत. रोझलिननं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि आईकडून वसंतात चार दिवस तरी येण्याचं कबूल करून घेतलं. बॅग रिकामी गेली नाही. मटण, मक्याचं पीठ आणि उरलेल्या सगळ्या भाकरी तिच्यात बसल्या. नवऱ्यानं एक वाटेत खायला बाहेर काढून ठेवली.

पोपटाला आणि गुडघ्याला जप. अर्लिंडा तुला आठवण सांगते.

तुझा भाऊ,
एमरसन

ता. क. आता कामाचं बोलतो. अर्लिंडाचं प्लास्टर परवा निघालं, पण सासूबाई तिला चुलीजवळ येऊ देत नाहीत. माझं शिक्षण अर्धवट आहे म्हणे. सकाळी उठलो की घोंगडीपलीकडे घुंगरू तयार. तू आमच्याकडची वडीलधारी. दोन ओळी लिही की आमचा भाऊ सगळं शिकला, आता त्याला सोडा. अर्लिंडा वाचून दाखवेल.

ता. क. २. ते लिहू नकोस. अर्लिंडानं हे पत्र वाचलं, हसली, आणि मी नको नको म्हणत असताना पलीकडे मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टायर, त्याला विचार, त्याची बहीण तिकडे टाको कुठे खाते." मी सांगितलं, विकत घेते. पलीकडे दुखवट्याच्या घरासारखी शांतता पसरली. मग म्हणाल्या, "तिला बोलावून घे म्हणावं."

ता. क. ३. हे कागदाच्या मागे लिहितोय, अर्लिंडानं पाहिलेलं नाही. ताई, ये. भाकर मी करीन, तू नुसती बस. वाचन चाललं असताना, टायरनं भाकर पुरली तिथे आल्यावर, सासूबाई घोंगडीमागे हसल्या. बराच वेळ हसल्या. ते हसू मी लग्नापासून ऐकतोय, पण अर्लिंडाला काही विचारायची सोय नाही, ते बरं दिसत नाही. (फोटो म्हणशील, तर ते ती पेटीत पालथे ठेवते.) तू त्यांच्यासमोर बसू शकतेस. त्यांना हसव आणि एकदा नीट बघून घे. हसताना त्या डोळे मिटतात की तोंडावर हात धरतात, एवढं मला बाहेर येऊन सांग.